मैदान, ध्वनिक्षेपक आणि दहाचा ठोका : ‘सवाई’च्या रात्रीचा इतिहास

१/ पुण्याच्या शनिवार पेठेत, रमणबाग शाळेच्या मैदानावर, एके काळी डिसेंबरच्या थंडीत हजारो माणसे शाली पांघरून रात्रभर गाणे ऐकत बसत आणि उजाडल्यावर भैरवी कानांत घेऊन घरी जात. तो महोत्सव आजही भरतो. गर्दी आहे, कलावंत आहेत, तिकिटांसाठी रांगाही आहेत. ती अखंड रात्र मात्र उरलेली नाही. ती आली कोठून आणि गेली कोठे, याचा हा धागा.

२/ आरंभ पुण्यातून नव्हे, वऱ्हाडातून करू. आपले राळेगाव ज्या जुन्या वऱ्हाड प्रांतात मोडत असे, त्याच प्रांताच्या अमरावतीशी या महोत्सवाच्या नावाची एक आठवण जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संगीत नाटक मंडळ्या गावोगावी फिरत आणि कापसाच्या पैशाने भरलेल्या वऱ्हाडातील शहरांना त्यांच्या दौऱ्यात मानाचे स्थान असे. अशाच एका मंडळीतील तरुण गायक-नटाला अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी ‘सवाई गंधर्व’ म्हटले, असे सांगितले जाते.

३/ ‘सवाई’ म्हणजे सव्वापट. सवाई जयसिंग, सवाई माधवराव ही नावे इतिहासाच्या वाचकाला परिचित आहेत. येथे तुलना होती ती नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व यांच्याशी. ते मराठी रंगभूमीचे दैवत होते. त्यांच्या काळात एखाद्याला ‘सव्वा गंधर्व’ म्हणणे ही साधी स्तुती नव्हती. हा मान ज्यांना मिळाला, ते होते रामचंद्र गणेश कुंदगोळकर. जन्म १८८६, धारवाडजवळच्या कुंदगोळचा. स्त्रीभूमिका करणारा नट आणि किराणा घराण्याचा गवई, ही दोन्ही रूपे त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.

४/ रामभाऊंचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७). खाँसाहेब उत्तरेतील कैरान्याचे. पण त्यांची कर्मभूमी झाली मिरज, बेळगाव, पुणे, मुंबई. राजाश्रयावर अवलंबून न राहता त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले आणि तिकीट लावून जलसे केले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळी तिचा अर्थ असा होता : गाणे ऐकण्यासाठी दरबाराचे आमंत्रण लागणार नाही, खिशात काही आणे असले की पुरे.

५/ हा मुद्दा नीट समजून घेऊ, कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. दरबारी मैफल ही निवडक लोकांची असे. कोणी ऐकावे हे यजमान ठरवी, किती वेळ गावे हेही बहुधा तोच ठरवी. सामान्य माणसाच्या वाट्याला गाणे येई ते देवळातून, कीर्तनातून, तमाशातून आणि संगीत नाटकातून. नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. ‘वन्स मोअर’ मागणारा प्रेक्षक हा खऱ्या अर्थाने आपला पहिला संगीतश्रोता. रात्र जागून ऐकण्याची सवय त्याला तेथे लागली.

६/ पुण्याला आणखी एक शाळा मिळाली. १८९० च्या दशकात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि पेठांतील चौकांत मेळे, व्याख्याने, गायनाचे कार्यक्रम होऊ लागले. रस्त्यावर घातलेल्या मांडवात बसून मोठ्या गवयाला फुकट ऐकणे हा पुणेकराचा जणू हक्कच बनला. शास्त्रीय संगीताला शहराच्या मध्यवस्तीत, उघड्यावर आणि गर्दीत ऐकणारा वर्ग ‘सवाई’च्या कितीतरी आधी येथे तयार झाला होता.

७/ आता एका जुन्या प्रथेकडे वळू. भारतातील अनेक मोठे संगीतोत्सव कोणाच्या तरी स्मृतिदिनाभोवती उभे आहेत. पंजाबातील जालंधरला देवी तलावाच्या परिसरात १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरते. बाबा हरिवल्लभ यांनी ते आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केले. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीपाशी समारोह होतो. तमिळनाडूत तिरुवैयारू येथे त्यागराजांची आराधना होते. शिष्याने वर्षातून एकदा गुरूच्या नावाने गावे, हा त्या साऱ्यांतील समान धागा.

८/ किराणा घराण्यात ही प्रथा मिरजेत रुजली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या दौऱ्यात, एका रेल्वे स्थानकावर, अब्दुल करीम खाँचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात करण्यात आले. त्या दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायन-वादनाची सेवा रुजू करण्याची परंपरा आजही चालू आहे. हिंदू शिष्यांचा मुसलमान गुरू, दर्ग्याचे आवार आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे गाव : ‘सवाई’चे बीज शोधायचे तर मिरजेला जावे लागते.

९/ सवाई गंधर्वांचे शिष्यमंडळ पाहिले की त्यांची थोरवी कळते : गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी. एक धारवाडची गायिका, एक पारशी चित्रपटनट, एक लिंगायत गवई आणि गुरूच्या शोधात लहान वयात घर सोडून उत्तर हिंदुस्थान पालथा घालणारा एक मुलगा. त्या मुलाला गुरू सापडला तो घराजवळ, कुंदगोळात. १९३६ च्या सुमारास भीमसेन रामभाऊंच्या घरी राहू लागले.

१०/ १९४० च्या दशकात पक्षाघाताने सवाई गंधर्वांचे गाणे थांबले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने पहिला स्मृतिमहोत्सव झाला. मंडळाच्या नावातील ‘आर्य संगीत’ हे शब्द पाहा. खाँसाहेबांच्या विद्यालयाचा प्रतिध्वनी त्यात ऐकू येतो. भीमसेनजी या उत्सवाचे कर्तेधर्ते बनले आणि पुढील अर्धशतक त्यांनी तो आपल्या खांद्यावर वाहिला.

११/ १९५३ हे साल योगायोगाचे नव्हते. संस्थाने विलीन होऊन जेमतेम चार-पाच वर्षे लोटली होती. बडोदे, म्हैसूर, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर येथील दरबारी गवयांचे तनखे आटले होते. नवा आश्रयदाता हवा होता. १९५२ च्या जुलैत आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी कोलकात्यात डोव्हर लेन परिषद आरंभली. जानेवारी १९५३ मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. राजा गेला आणि त्याच्या जागी सरकार, रेडिओ व तिकीट काढणारा श्रोता असे तिघे आले.

१२/ ‘सवाई’ हे या तिसऱ्याचे, म्हणजे श्रोत्याचे, घर ठरले. पुण्यतिथी सप्टेंबरातली, भर पावसाळ्यातली. मोकळ्या मैदानाला डिसेंबर मानवला. पेठेतील शाळांची मैदाने हीच त्याची नैसर्गिक जागा होती : आधी सदाशिव पेठेतील रेणुका स्वरूप शाळा, नंतर शनिवार पेठेतील रमणबाग. ज्या न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी केली, तिचेच हे आवार. शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. पेशव्यांच्या वाड्यात जे निमंत्रितांसाठी असे, ते आता वाड्याबाहेरच्या मैदानावर सर्वांसाठी होते.

१३/ मैदानाची रचना साधी असे. पुढे व्यासपीठ, वर मांडव, बाजूंना खुर्च्या आणि मध्ये जमिनीवर भारतीय बैठक. या बैठकीचे तिकीट सर्वांत स्वस्त आणि तेथील श्रोता सर्वांत चोखंदळ, असा लौकिक होता. विद्यार्थी, कारकून, शिक्षक, बाहेरगावाहून आलेले शेतकरी आणि गायनाचे शिकाऊ एकाच सतरंजीवर बसत. बाहेर चहा आणि झुणका-भाकर. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, पंडित जसराज, शिवकुमार शर्मा, झाकिर हुसेन अशी माणसे या गर्दीपुढे बसली आणि तिच्या दादेची कदर करून उठली.

१४/ समारोपाची एक शिस्त होती. शेवटचे गायन किराणा घराण्याचे. दीर्घकाळ भीमसेनजी, आणि त्यांची प्रकृती थकल्यावर प्रभा अत्रे. त्यानंतर व्यासपीठ रिकामे होई आणि सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. हजारो माणसे स्तब्ध. ज्याच्या नावाने तीन रात्री जागवल्या, त्याचाच आवाज अखेरीस ऐकायचा, ही कल्पना स्मृतिमहोत्सवाला शोभणारी होती. ती प्रथा पुढेही टिकून राहिली.

१५/ पण हे मैदान शक्य कशाने झाले? उत्तर अगदी गद्य आहे : ध्वनिक्षेपक. खयाल गायकी वाड्याच्या दिवाणखान्यासाठी घडलेली. किराणा घराण्याचा जीव तर स्वराच्या बारकाव्यात. मंद्रातील एक हळुवार षड्ज दहाव्या रांगेपलीकडे पोहोचणे कठीण. मायक्रोफोन आला आणि तोच षड्ज मैदानाच्या शेवटच्या टोकाला, रस्त्यापर्यंत पोहोचू लागला. दहा हजारांत बसूनही तंबोऱ्याची आस ऐकू येणे, हे विसाव्या शतकाचे वरदान होते. श्रोत्यांची संख्या वाढली ती विजेच्या तारेमुळे.

१६/ आणि रात्र का? कारण आपले राग घड्याळ पाहून चालतात. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. दुपारी भीमपलासी, मुलतानी; संधिकाली पूरिया, मारवा, श्री; दिवेलागणीनंतर यमन, भूप; पुढे बागेश्री, बिहाग; मध्यरात्रीच्या सुमारास दरबारी कानडा, मालकंस; उजाडण्यापूर्वी ललित; उजाडताना भैरव. ही व्यवस्था पंडित भातखंडे यांनी ग्रंथांतून सविस्तर मांडली. रात्रभर चालणारी मैफल ही म्हणूनच केवळ लांबलेली मैफल नसे. अर्धे कालचक्र एका बैठकीत ऐकण्याची ती संधी असे.

१७/ आता कथेला वळण. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास बंदी. बंदिस्त सभागृहाला सूट. २००२ च्या दुरुस्तीने राज्यांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी, ही मर्यादा रात्री १२ पर्यंत नेण्याची मुभा मिळाली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवर आपल्या निकालाची मोहोर उमटवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १५ दिवसांची सवलतही वैध ठरवली.

१८/ या निकालाला ‘संस्कृतीचा शत्रू’ म्हणणे सोपे आहे. इतिहास वाचणाऱ्याने मात्र तो प्रथम वाचावा. ज्या याचिकेवरून तो आला, तिच्या मुळाशी एक भीषण घटना होती : तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि मदतीसाठीच्या तिच्या हाका परिसरातील कर्कश संगीतात बुडून गेल्या. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा : बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळेच ऐकवण्याचा हक्क येत नाही. रुग्ण, तान्ही मुले, परीक्षेला बसलेले विद्यार्थी यांना रात्रीच्या शांततेचा अधिकार आहे. हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे.

१९/ येथेच या इतिहासातील पेच आहे. मैदान दिले ते ध्वनिक्षेपकाने. रात्र गेली ती ध्वनिक्षेपकाच्या नियमाने. नियमाला आवाजाची पातळी कळते, वेळ कळते. तो डीजेच्या भिंती आणि दरबारीचा आलाप यांत भेद करीत नाही. करू लागला तर कोणते संगीत ‘चांगले’ हे पोलीस ठाण्याने ठरवायचे काय? शास्त्रीय संगीतासाठी वेगळा नियम मागणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. आणि १५ दिवसांच्या सवलतीवर गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती असे कितीतरी दावे असतात.

२०/ परिणाम काय झाला? तीन रात्रींचा महोत्सव वाढत पाच दिवसांचा झाला आणि दुपारपासून रात्री १० पर्यंत चालू लागला. सवलत मिळालेल्या एखाद्या दिवशी बारापर्यंत. दुपारच्या रागांना, म्हणजे भीमपलासी, मुलतानी, पटदीप यांना, एवढा मोठा श्रोतृवर्ग पूर्वी क्वचितच मिळे. तो आता मिळाला. वृद्धांना, लांबून येणाऱ्यांना आणि रात्रभर घराबाहेर राहणे ज्यांना अवघड जाई अशा अनेक स्त्रियांना वेळ सोयीची झाली. ही कमाई खरी आहे आणि ती नोंदवली पाहिजे.

२१/ गमावले तेही खरे आहे. ललितासारखा पहाटेचा राग उघड्या मैदानावर त्याच्या वेळी ऐकणे आता जवळजवळ अशक्य. मध्यरात्रीच्या रागांना फार तर दाराशी उभे राहता येते. दहाचा ठोका ठरलेला असल्याने प्रत्येक कलावंताच्या वाट्याचा वेळही ठरलेला. रात्र पुढे पसरलेली असताना गवई रंगला तर रंगू देता येत असे. आता विलंबित खयाल उलगडताना एक डोळा घड्याळावर ठेवावा लागतो. पंचविशीच्या आतील बहुतेक श्रोत्यांनी दरबारी ऐकला असेल तो मोबाइलवर.

२२/ इतरांनी काय केले? डोव्हर लेन परिषद बंदिस्त सभागृहात गेली. तिच्या रात्रभरच्या मैफली टिकल्या, पण मैदान सुटले. महाराष्ट्राने दुसरी वाट काढली : रात्रीऐवजी पहाट. सकाळी ६ नंतर ध्वनिक्षेपक चालतो, म्हणून ‘दिवाळी पहाट’ आणि प्रभातकालीन मैफली गावोगावी फोफावल्या. अर्थात दिवाळी पहाट या नियमापेक्षा जुनी आहे. पण तिच्यामुळे सकाळच्या रागांना पुन्हा एक सार्वजनिक अंगण मिळाले, हे निश्चित.

२३/ २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजी गेले आणि महोत्सवाचे नाव ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ झाले. गुरूच्या स्मरणार्थ उभारलेल्या उत्सवात शिष्याचेही स्मरण आले. २०१८ मध्ये महोत्सवाने रमणबाग सोडली आणि तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. जागा ऐसपैस मिळाली. पेठ मात्र सुटली. आधी रात्र गेली, मग मध्यवस्ती. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महोत्सव झालाच नाही. २०२२ च्या डिसेंबरात ६८ वा महोत्सव भरला, तेव्हा श्रोते परतले.

२४/ हा प्रश्न पुण्यापुरता नाही. विदर्भातील गावोगावी गुरुदेव सेवा मंडळांची खंजिरी भजने, जागरणे, दंडार, खडी गंमत या साऱ्या कला रात्रीच्याच. शेतकऱ्याला दिवसा फुरसत कोठली? शनिवार पेठेला लागू असलेला दहाचा नियम राळेगावच्या मांडवालाही लागू आहे. फरक एवढाच की ‘सवाई’ची रात्र गेली तेव्हा वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, गावातील भजनाची रात्र आक्रसली त्याची कोणी नोंद ठेवली नाही.

२५/ या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणून आपण ज्या रात्रभरच्या मैदानी मैफलीचे स्मरण करतो, ती मैदानावर जेमतेम अर्धशतक जगली. राजाश्रय संपणे, ध्वनिक्षेपक येणे आणि शहराच्या मध्यभागी शाळेचे मैदान मोकळे असणे, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या म्हणून ती जन्मली. परंपरा आकाशातून पडत नाहीत. त्या परिस्थितीतून घडतात आणि परिस्थिती पालटली की रूप बदलतात. हे कळले की शोक थोडा कमी होतो आणि पुढे काय घडवता येईल याचा विचार सुरू होतो.

२६/ ध्वनिक्षेपकाविना शंभर माणसांची रात्रीची बैठक बंदिस्त जागेत आजही भरवता येते.  खयाल मुळात तेवढ्याच अंगणासाठी घडला होता आणि भजनही. तोवर तरुण अभ्यासकांनी एक काम करावे : आपल्या गावात रात्रभर कोणत्या मैफली, कोणती भजने, कोणती नाटके होत, कोणत्या मांडवात होत आणि कधी थांबली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून सालासह लिहून ठेवावे. ज्यांनी त्या रात्री जागवल्या, ती पिढी अजून बोलू शकते. खाली उत्तरांत आपल्या गावाचे नाव आणि साल अवश्य लिहा. (धागा समाप्त)